वंशावळीतल्या बायका कुठं गेल्या?

इथं इंग्लंडमध्ये २००४ पासून बीबीसीचा एक कार्यक्रम चालू आहे, 'हू डू यू थिंक यू आर?' नावाचा. कुणीतरी नट नाहीतर पत्रकार घेतात आणि त्याच्या आज्या-पणज्यांचा माग काढत त्याला गावोगाव नेतात. मी तो बघते आणि मला मनापासून आवडतो. मध्यंतरी त्यातली एक क्लिप भावकीच्या ग्रुपवर टाकली तर एक काका म्हणाले गाडलेली मढी कशाला उकरायची, एकजण म्हणाला आपल्याकडं असं काढलं तर प्रत्येक हिरो कुठल्यातरी सरदाराच्याच घराण्यातला निघेल, आणि अंबाजोगाईचा चुलतभाऊ म्हणाला, ताई, आम्ही इथं एका नोंदीसाठी तहसीलच्या चकरा मारून थकलो, तुमचं बरंय.

त्याचं खरंच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठीचं अंतरवाली सराटीचं उपोषण पेटलं, मग सरकारनं जुन्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, आणि पूर्वज कुणबी होता हे दाखवून दाखला मिळावा म्हणून तेव्हापासून अख्खा मराठवाडा निजामाच्या काळातले कागद शोधतोय. जमिनीचं खासरा पत्रक, शाळेचं प्रवेश रजिस्टर, उर्दूतलं, मोडीतलं, जे सापडेल ते. पुढं २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियर, म्हणजे निजामाच्या काळातल्या सरकारी नोंदी, लागू करायचा जीआर आला. आरक्षणाचं काय व्हावं यावर आमच्या घरातच दोन मतं आहेत, त्यात मी आत्ता शिरत नाही. मला बोलायचंय ते पूर्वज शोधण्याबद्दल.

सरदार हवा असणं हे काही आपलंच नाही. २०१६ मध्ये डॅनी डायर नावाचा लंडनच्या ईस्ट एंडचा नट तिसऱ्या एडवर्ड राजाचा वंशज निघाला तर लोकांना त्याचं केवढं कौतुक! आता त्या राजाला सहाशे-साडेसहाशे वर्षं झाली, जाणकार म्हणतात त्याचे वंशज लाखोंनी असणार, पण बघणाऱ्याला राजा म्हटला की बरं वाटतं. उलट मायकल पार्किन्सन, इथला नामांकित मुलाखतकार, त्यानंच सांगितलं होतं की माझे पूर्वज फारच साधे निघाले म्हणून माझा भाग बनवलाच नाही. साध्या माणसाला साधा पूर्वज असणं ही टीव्हीच्या दृष्टीनं अडचण होते, हे मला पटत नाही.

पण लोक विसरले नाहीत तो भाग दुसराच आहे. जेरेमी पॅक्समन, पुढाऱ्यांना घाम फोडणारा पत्रकार, २००६ मध्ये त्याच्यापुढं ग्लासगोच्या त्याच्या पणजीचे कागद आले. विधवा, पदरी पोरं, आणि लग्नाबाहेर एक मूल झालं म्हणून तिची गरिबांसाठीची मदत तोडलेली. तो रडला. हा माणूस रडतो याचंच लोकांना नवल वाटलं, आणि काहींना ते नाटकही वाटलं, पण मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की एका दरिद्री बाईचा कागद कुणीतरी शंभराच्या वर वर्षं जपून ठेवला होता आणि तिच्या पणतवाला तो वाचायला मिळाला.

आता आमचं बघा. चुलतभावानं तहसीलसाठी केलेली वंशावळ ग्रुपवर टाकली, खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा, त्यांचे भाऊ, त्यांची पोरं, वर प्रतिज्ञापत्राचा मजकूर, खाली सह्या. पाच पिढ्यांत एक बाई नाही. माझी आजी नाही, जिनं बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडून चार लेकरं जगवली. मी नाही. दाखला बापाकडून मिळतो, कागद तेवढाच लागतो, हे कळतं मला, दादाचा काही दोष नाही. पण तोच कागद आता घरचा इतिहास म्हणून फ्रेम करून लावायचं चाललंय, तिथं माझा जीव तुटतो.

आणि मढी उकरण्याचं म्हणाल तर काका, झाकून काय होतं तेही बघितलंय. अमेरिकेत असाच एक कार्यक्रम आहे, 'फाइंडिंग युवर रूट्स'. बेन अफ्लेकचा एक पूर्वज गुलाम बाळगणारा निघाला, त्यानं ते वगळायला लावलं, आणि २०१५ मध्ये सोनी कंपनीच्या फुटलेल्या ईमेलमधून ते बाहेर आलं. गुलाम बाळगणारा कधीच मेला होता, लोक चिडले ते लपवण्यावर, आणि चॅनलला पुढचा सीझन थांबवावा लागला.

आपल्याकडं निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी काय केलं ते दर १७ सप्टेंबरला, मुक्तिदिनी, झेंड्याखाली सांगतात, सांगायलाच पाहिजे. पण १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे भारतीय सैन्यानं निजामाचं संस्थान घेतल्यावर, उस्मानाबाद, नांदेडकडं मुसलमानांच्या वस्त्यांवर काय झालं ते कुणी सांगत नाही. सरकारनंच पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं तेव्हा सगळ्या हैदराबाद संस्थानाचा अंदाज २७ ते ४० हजार मृत्यूंचा दिला होता आणि तो अहवाल कित्येक दशकं छापलाच नाही. आपल्या एखाद्या लाडक्या नटाचा आजोबा त्यात निघाला, कुठल्याही बाजूचा, तर आपण शांतपणे बघू का? मला वाटतं बघायला शिकलं पाहिजे.

इथं इंग्लंडमध्ये दुसरी गोष्ट अशी की कार्यक्रमाचा भाग संपला की बघणाराही स्वतःचं शोधू शकतो. १९२१ च्या जनगणनेचे घरोघरचे फॉर्म शंभर वर्षं झाल्यावर जानेवारी २०२२ मध्ये खुले झाले. पैसे मोजावे लागतात ऑनलाइन बघायला, पण त्यात घरातल्या बायकापोरांसकट सगळ्यांची नावं आहेत. आपल्याकडं जनगणनेचे असे कागद खुले होतच नाहीत. म्हणून मला वाटतं की आता शिंदे समितीच्या निमित्तानं जी दप्तरं कपाटाबाहेर आली, त्यातल्या नुसत्या कामाच्या कुणबी नोंदी वेबसाईटवर टाकून बाकीची परत बासनात बांधू नका, पानं सगळीच स्कॅन करा, सगळ्या जातीधर्माच्या माणसांची, आणि मोडी-उर्दू वाचणारी चार पोरं प्रत्येक जिल्ह्यात पगारावर ठेवा.

आणि दादा, तहसीलात बायकांची नावं चालत नसतील तर नको, पण घरासाठी दुसरी प्रत कर. आत्याला विचारलं, पणजीचं नाव तिलाही आठवेना, माहेर गेवराईकडचं एवढं सांगितलं. तेवढं तरी तिच्या जागी लिही, नावाची जागा रिकामी सोड.