‘प्राध्यापक भरतीत आता बायकांचीच चलती’ म्हणे!

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर थोरल्या भाऊजींनी एक लांबलचक संदेश टाकला. प्राध्यापक भरतीत आता महिलांनाच झुकते माप मिळते, 30 टक्के जागा त्यांना आयत्या मिळतात, अमेरिकेतल्या संशोधनानेही हे सिद्ध केले आहे, मुलाखतीत लग्नाबद्दल विचारणे हा निव्वळ व्यवहार आहे आणि प्रसूती रजेमुळे विद्यार्थ्यांचे नुकसान होते, असा त्याचा आशय होता. एरवी असे संदेश मी न वाचताच काढून टाकते. पण नेट ही पात्रता परीक्षा आणि पीएच.डी. करून पाच वर्षे नागपुरात तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, शिकवणाऱ्या माझ्या भाचीने तोच मला वेगळा पाठवला आणि खाली लिहिले, ‘मावशी, मग माझंच काही चुकतंय का?’

आरक्षणाचे आधी संपवते. महिलांचे 30 टक्के आरक्षण समांतर आहे. ते प्रत्येक प्रवर्गाच्या आत मोजले जाते आणि त्या प्रवर्गात गुणवत्तेवर निवडल्या गेलेल्या महिलाही त्याच 30 टक्क्यांत धरल्या जातात. पात्र महिला मिळाली नाही, तर ती जागा त्याच प्रवर्गातील पुरुषाला जाते. यात आयते काय आहे, ते संदेश लिहिणाऱ्याने सांगावे. उच्च शिक्षणाच्या 2021-22 च्या अखिल भारतीय सर्वेक्षणात देशातील अध्यापकांमध्ये महिला 43.4 टक्के होत्या. याला चलती म्हणत नाहीत.

अमेरिकेतल्या संशोधनाबद्दल मात्र अर्धे खरे आहे, हे नाइलाजाने मान्य करते. विल्यम्स आणि सेसी यांच्या 2015 च्या अभ्यासात प्राध्यापकांनी सारख्याच पात्रतेच्या उमेदवारांत पुरुषाऐवजी स्त्रीला दुपटीने पसंती दिली होती. पण ते उमेदवार काल्पनिक होते, सगळेच उत्तम म्हणून रंगवलेले होते आणि अर्थशास्त्रातल्या पुरुष प्राध्यापकांत ही पसंती दिसलीच नाही. हा अभ्यास ज्या नियतकालिकात आला, त्यातच तीन वर्षे आधी मॉस-रॅकुसिन आणि सहकाऱ्यांचा प्रयोग छापून आला होता, त्याचा संदेशात उल्लेखही नाही. त्यांनी प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या जागेसाठीचा एकच अर्ज विज्ञानाच्या 127 प्राध्यापकांकडे पाठवला. काहींच्या प्रतीवर नाव जॉन होते, काहींच्या प्रतीवर जेनिफर. बाकी अक्षरही वेगळे नसताना जॉन अधिक सक्षम ठरला आणि त्याला सरासरी 30,238 डॉलर पगार सुचवला गेला, तर जेनिफरला 26,508. असा भेद करण्यात स्त्री प्राध्यापकही पुरुषांपेक्षा मागे नव्हत्या, त्यामुळे ‘समितीत एक बाई असतेच की’ हा युक्तिवादही कोणी करू नये.

आता तो ‘व्यवहार’. भाचीच्या मागच्या मुलाखतीत समितीतल्या एका सदस्यांनी तिच्या शोधनिबंधांची फाइल उघडलीच नाही. मंगळसूत्राकडे पाहून त्यांनी विचारले, ‘मिस्टर कुठे असतात? त्यांची बदली झाली तर? आणि मुलंबाळं?’ ती उत्तरे देत बसली, वेळ संपली, विषयतज्ज्ञांचा एकच प्रश्न झाला. बाहेर बसलेल्या एका उमेदवाराचे लग्न पुढच्याच महिन्यात होते. त्याला यातले काहीही विचारले गेले नाही, हे त्यानेच तिला सांगितले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या नियमावलीनुसार शैक्षणिक गुण केवळ मुलाखतीला बोलावण्यापुरते धरायचे आणि निवड मुलाखतीवरच करायची. म्हणजे त्या दहा-पंधरा मिनिटांतली सात मिनिटे नवऱ्यावर गेली, की उमेदवाराकडे उरते काय?

‘प्रसूती रजेमुळे विद्यार्थ्यांचे नुकसान होते’ हे तर हास्यास्पदच आहे. रजा 26 आठवड्यांची. दोन मुले धरली तरी तीस वर्षांच्या नोकरीत एक वर्ष. पूर्णवेळ पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवून तासिकेवाल्यांकडून वर्ग उरकून घेतले जातात, तेव्हा हा विद्यार्थ्यांचा कळवळा कुठे असतो, कोण जाणे.

काल भाऊजींना फोन केला. ते स्वतः प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले आहेत आणि त्यांची मुलाखत झाली तेव्हा ताईला सातवा महिना होता. ‘तुम्हाला काय विचारलं होतं हो?’ असे मी म्हटले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘विषयातलंच. दुसरं काय विचारणार?’