टाचणात संभाषण, वर्गात शांतता

भाषेचे शिक्षक अभ्यासक्रम कितपत पाळतात असं विचारलं की आम्ही शिक्षक पटकन सांगतो, पोर्शन वेळेत पूर्ण झालाय. अहो पण पोर्शन म्हणजे पुस्तकातले धडे, आणि अभ्यासक्रम म्हणजे मुलांना त्या भाषेत काय काय करता यायला हवं ते. हा फरक नीट कळायला मलाच कितीतरी वर्षं लागली.

मध्ये एका तासाला मी निरीक्षणासाठी मागच्या बाकावर बसले होते. बाईंच्या टाचणात, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्यात, सुंदर अक्षरात लिहिलेलं, 'जोडीने संभाषण, १५ मिनिटं'. झालं काय, तर बाईंनी अख्खा संवाद फळ्यावर लिहिला, मुलांनी तो वहीत उतरवून घेतला, मग दोन हुशार मुलांना उभं करून वाचून घेतला आणि बेल झाली. बाकीच्या मुलांच्या तोंडून त्या तासात एक वाक्य निघालं नाही, टाचणात मात्र बरोबरची खूण!

बाई कामचुकार अजिबात नाहीत. वर्ग खच्चून भरलेला, मुलं बोलायला लागली की शेजारच्या वर्गातून निरोप येतो आवाज कमी करा, आणि परीक्षेत बोलण्याला मार्कच नाहीत. मीही अनेकदा हेच केलंय.

आयईए नावाची, देशोदेशीच्या शाळांमधलं शिक्षण तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९८० च्या दशकापासून गणिताच्या अभ्यासात तीन गोष्टी वेगळ्या मोजते, कागदावर ठरलेला अभ्यासक्रम, वर्गात शिकवला गेलेला, आणि मुलांच्या पदरात पडलेला. एकातून दुसऱ्यात जाताना काहीतरी गळतंच. भाषेत तर मला ही गळती जास्तच वाटते, कारण ऐकणं-बोलणं वहीत दिसत नाही आणि तपासली जाते ती वहीच.

मग लोक म्हणतात परीक्षा बदला, सगळं सुधारेल. श्रीलंकेत इंग्रजीची नवी परीक्षा आली तेव्हा डायन वॉल आणि चार्ल्स आल्डरसन या भाषा-परीक्षांच्या अभ्यासकांनी वर्गात जाऊन पाहिलं, १९९३ मध्ये ते छापून आलं. काय शिकवायचं ते परीक्षेमुळे बदललं होतं, पण कसं शिकवायचं ते फारसं नाही. मला हे शंभर टक्के पटतं, कारण त्या बाईंना मी नंतर विचारलं तर त्या म्हणाल्या, "मॅडम, ट्रेनिंगमध्ये आम्हाला तरी कुणी जोडीने बोलायला लावलं? दिवसभर स्लाइडच दाखवल्या."

आणि अभ्यासक्रम पाळणं म्हणजे पुस्तकाची ओळन् ओळ घेणं असंही नाही ना. एखादा धडा गाळून त्याच वेळात सगळ्या मुलांना बोलतं करणारा शिक्षक माझ्या मते जास्त प्रामाणिकपणे तो पाळतो, पण त्यालाच धडा का राहिला म्हणून जाब विचारतात, याचा खरंच राग येतो. निरीक्षणाला येणाऱ्या सगळ्यांना हात जोडून सांगते, कितवा धडा चालू आहे ते नका विचारू, मागे बसून आज किती मुलं स्वतःचं वाक्य बोलली तेवढं मोजा. मी तरी आता तेच लिहून आणते.