प्रबंधासाठी पक्ष पाहिजे. हरणारा असल्यास प्राधान्य

बी.ए.चं शेवटचं वर्ष, ऑनर्सची हौस, आणि विषय ठरवायला गाइडने दिलेल्या दोन आठवड्यांपैकी तेरा दिवस उडालेले. घाबरू नका. शिकागोचा रिपब्लिकन पक्ष घ्या आणि झोपायला जा.

डेमोक्रॅट घेतले तर मेलात. ५० वॉर्ड, त्यात महापौर डेली बापलेक (बाप १९५५ ते १९७६, लेक १९८९ ते २०११), त्यांच्यावर कपाटं भरून पुस्तकं, आणि प्रत्येक पुस्तकावर फणा काढून बसलेला एकेक प्राध्यापक. रिपब्लिकनांकडे ही कटकट नाही. त्यांचा शेवटचा महापौर 'बिग बिल' थॉम्पसन १९३१ साली पडला, त्यानंतर आजतागायत एकही नाही. शतकभराचा इतिहास एका ओळीत आटोपला. उरलेली नव्याण्णव पानं तुमचीच.

प्रस्तावनेत लिंकन आणा. १८६० मध्ये अध्यक्षपदासाठी त्याची रिपब्लिकन उमेदवारी याच शहरात, विगवॅम नावाच्या लाकडी सभागृहात ठरली होती. लिंकनने दोन पानं निघतात, शिवाय मुलाखतीच्या वेळी पक्षाची मंडळी चहाला विचारतात. पाठोपाठ ऑस्कर डी प्रीस्ट: १९२८ साली इथून काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेलेला कृष्णवर्णीय रिपब्लिकन. तो १९३४ मध्ये कृष्णवर्णीय डेमोक्रॅटकडूनच हरला. गुलामगिरी संपवणाऱ्या लिंकनच्या पुण्याईवर मिळणारी कृष्णवर्णीयांची मतं कुठे गेली, हा खरं तर अख्ख्या प्रबंधाचा विषय आहे; म्हणूनच तो तळटीपेत ढकला.

संशोधनाचा प्रश्न 'हा पक्ष का हरतो?' एवढाच ठेवा. 'हे हरणं कोणाला परवडतं?' असं चुकूनही विचारू नका, कारण मग तुम्हाला तीन मतांची भानगड समजून घ्यावी लागेल. १८७० ते १९८० या काळात इलिनॉयच्या, म्हणजे शिकागो ज्या राज्यात आहे त्याच्या, कनिष्ठ सभागृहात एकेका मतदारसंघातून तीन-तीन आमदार जायचे. मतदाराला तीन मतं; वाटली तर वाटली, नाहीतर तिन्ही एकाच्याच पदरात. म्हणजे पाव मतदारांहून थोडे जास्त हाताशी असले की एक जागा खिशात. शिकागोत मग हिशोबच बसून गेला: दोन डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन. पुष्कळदा तीन जागांना उमेदवारही दोन्ही पक्षांचे मिळून तीनच. त्याला निवडणूक म्हणायचं की हजेरीपट, ते तुम्ही ठरवा.

आता सांगा, तिसऱ्या खुर्चीवरचा तो गृहस्थ पक्ष वाढवायला कशाला उन्हातान्हात फिरेल? पक्ष वाढला तर घरात दुसरा दावेदार. शेजारच्या खुर्च्यांवरचे दोघे नाराज झाले तर तिसरीलाही धक्का. त्यापेक्षा गुण्यागोविंदाने राहावं, मतदानाच्या वेळी हात योग्य दिशेला वर करावा. १९८० मध्ये लोकांनी सार्वमताने ही पद्धत मोडीत काढली, सभागृह १७७ वरून ११८ वर आणलं, आणि शहरातल्या रिपब्लिकनांचा हा सुखाचा संसार मोडला. लोकांना वाटलं, खर्च वाचला. असो. एवढं सगळं लिहायला बसलात तर प्रबंध चांगला होईल आणि मुदत चुकेल.

उमेदवारांवरच्या प्रकरणाला 'उसनवारी' असं नाव सुचेल. ते खोडा, 'अभिजनांची भरती-प्रक्रिया' लिहा. मजकूर तोच राहील. १९५५ साली थोरल्या डेलीसमोर उभा केलेला रॉबर्ट मेरियम हा डेमोक्रॅट नगरसेवक. १९६३ चा अ‍ॅडमोव्स्की हा पूर्वाश्रमीचा डेमोक्रॅट. १९८९ मध्ये तर हद्द झाली: रिपब्लिकनांचा उमेदवार व्र्डोल्याक, जो आधी डेमोक्रॅटांच्या काउंटी (म्हणजे जिल्हा) शाखेचा अध्यक्ष होता! (मेरियमचे वडील चार्ल्स हे शिकागो विद्यापीठात राज्यशास्त्राचे प्राध्यापक. तेही १९११ साली रिपब्लिकन म्हणून महापौरपदाला उभे राहिले आणि पडले. गाइडशी वाद घालताना ही माहिती खिशात असू द्या, पण बाहेर काढू नका.)

खरा धोका १९८३ मध्ये आहे. त्या वर्षी बर्नार्ड एप्टन नावाचा रिपब्लिकन जवळजवळ जिंकलाच होता. ४८ टक्के मतं! सुमारे ४८ हजारांनी हुकलं, नाहीतर तुमचा विषय तुमच्या जन्माआधीच वारला असता. चार वर्षांनी त्याच पक्षाला चार टक्क्यांच्या आसपास मतं पडली. मधल्या काळात काय झालं? काहीच नाही. ८३ मध्ये डेमोक्रॅटांनी हॅरल्ड वॉशिंग्टन हा कृष्णवर्णीय उमेदवार दिला होता, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या कट्टर गोऱ्या डेमोक्रॅटांना एका रात्रीत अब्राहम लिंकन आठवला. एप्टनची घोषणा होती, 'उशीर होण्याआधी'. कशाला उशीर, ते कोणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना कळत होतं. तुम्ही मात्र याला 'तात्कालिक मतदार-पुनर्रचना' म्हणा. शब्द जितका लांब तितकी लाज कमी.

आकडेवारीची चिंता नको, ती नाहीच. नगरसेवकांच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नाव आधीपासूनच नसायचं. १९९९ पासून महापौराच्याही मतपत्रिकेवर नसतं. १९९१ ते २०११ वायव्य टोकाच्या ४१ व्या वॉर्डातून ब्रायन डोहर्टी निवडून येत राहिले. ५० च्या सभागृहात रिपब्लिकन म्हणवणारे बहुतेक काळ ते एकटेच, म्हणजे नमुना-संख्या एक. सरासरी काढायला सोपी, प्रमाण-विचलन शून्य. त्याच वॉर्डात का, असं परीक्षकांनी विचारलंच तर सांगा: पालिकेच्या नोकरांना शहराच्या हद्दीतच राहावं लागतं, म्हणून पोलीस आणि अग्निशमनवाले हद्दीला चिकटून जिथे घरं घेतात, त्यातला हा भाग.

राहता राहिली मुलाखत. वॉर्डाचा कमिटीमन गाठा. हा पक्षाचा वॉर्डातला कारभारी. काही वॉर्डांत ही जागा रिकामीच असते, तेव्हा आधी फोन करून जा. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत चाळीस खुर्च्या मांडलेल्या असतील आणि माणसं सात, त्यातला एक तुम्ही. रेकॉर्डर सुरू करा, संमतीपत्रावर सही घ्या. म्हातारा सही करताना चष्मा कपाळावर चढवेल, तुमचे बावीस प्रश्न शांतपणे ऐकून घेईल, एकाचंही उत्तर देणार नाही. मग पिशवीतून उमेदवारीसाठी लागणाऱ्या सह्यांचा कोरा फॉर्म काढून तुमच्यापुढे सरकवेल आणि विचारेल, "पोरा, तू कुठल्या वॉर्डात राहतोस?"

पेन जवळ असू द्या. संशोधन-पद्धतीच्या प्रकरणात 'मुलाखत' खोडून 'सहभागी निरीक्षण' लिहावं लागेल.