पैसे मोजा, गाणी मोजू नका

सर्वप्रथम अभिनंदन. पस्तिशी ओलांडल्यावर का होईना, तुम्ही गेम रीतसर पैसे देऊन घ्यायचं ठरवलंत.

मागचा इतिहास काही सांगण्यासारखा नाही. 'जीटीए' या गाड्या आणि गुंडगिरीच्या गेममालिकेतला 'व्हाइस सिटी' 2003 च्या मे महिन्यात पीसीवर आला आणि काही महिन्यांत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवर पोचला. पांढरी सीडी, त्यावर मार्करने लिहिलेलं नाव, त्यातही स्पेलिंगची चूक. मूळ गेम दोन सीडींचा, पण आपल्याला मिळायचा तो एका सीडीत कोंबलेला. त्याला 'रिप' म्हणायचे. कोंबायचं म्हणजे काहीतरी बाहेर काढायलाच हवं, म्हणून रेडिओ उडवलेला असायचा. गाडीत बसलं की नुसती इंजिनाची घरघर. त्या शहरात रेडिओच नाही असं मी वर्षभर धरून चाललो होतो. मग एका मित्राकडे, ज्याचे काका दुबईला होते, दोन सीडींचा अस्सल गेम पाहिला. पाऊस, रात्र, निऑनच्या पाट्या, तो गाडीत बसला आणि 'बिली जीन' सुरू झालं. घरी येऊन मी माझ्या सीडीकडे बघितलंसुद्धा नाही.

तर आता तुमच्याकडे नोकरी आहे, क्रेडिट कार्ड आहे आणि तोच अनुभव हवा आहे. पहिली गोष्ट, गाण्यांची अपेक्षा सोडा. आपल्याकडे घर अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर मिळतं, तसं गेममधलं गाणं साधारण दहा वर्षांच्या करारावर राहायला येतं. मुदत संपली की सामान उचलायचं. 'व्हाइस सिटी' मूळ 2002 चा, म्हणून 2012 मध्ये तो स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावरून काही काळ गायब झाला आणि काही गाणी वगळून परत आला. त्याच मालिकेतला 'सॅन अँड्रियास' 2004 चा, 2014 मध्ये एका अपडेटने त्यातली डझनभराहून जास्त गाणी नेली. जाता जाता जुने सेव्हही, म्हणजे जपून ठेवलेले अर्धवट डावही, चालेनासे केले, म्हणजे ज्यांचं गाण्यांवाचून अडत नव्हतं त्यांनाही काहीतरी गमावल्याचं समाधान मिळालं. 'जीटीए 4' ची पाळी 2018 ला आली. तिथे तर दहा वर्षांपूर्वी पैसे मोजलेल्यांच्या कॉम्प्युटरमधूनही गाणी काढून नेली. त्यातल्या रशियन रेडिओ स्टेशनचं तर जवळपास मुंडणच केलं. तारखांची ही शिस्त बघा. आपल्या सोसायटीला ऑडिट इतक्या वेळेवर जमत नाही.

'माफिया' हा 2002 चा गेम 1930 च्या दशकातल्या शहरात घडतो. जुन्या गाड्या, ट्राम, आणि गाडी चालवताना मागे जॅझ. 2017 मध्ये तो जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानावर पुन्हा विक्रीला आला तेव्हा ते जॅझ त्यात नव्हतं. अशा वेळी कुरकुर करू नका. शहरात मयत झालंय असं समजा आणि गाडी हळू चालवा.

दुसरी गोष्ट, 'डेफिनिटिव्ह' हा शब्द दिसला की हात जोडा. 11 नोव्हेंबर 2021 ला 'जीटीए 3', 'व्हाइस सिटी' आणि 'सॅन अँड्रियास' हे तिन्ही जुने गेम 'डेफिनिटिव्ह' नावाने नव्या रंगरंगोटीत बाजारात आले, किंमत 60 डॉलर. त्याआधीच जुने गेम दुकानांतून हटवले होते. उगाच कुणी तुलना करायला नको. पहिल्याच दिवसांत कंपनीचा लाँचर, म्हणजे गेम सुरू करून देणारा प्रोग्राम, बंद पडला आणि पीसीवाल्यांना तीन दिवस विकत घेतलेला गेम मनातल्या मनात खेळावा लागला. त्या अवस्थेतच तो सर्वोत्तम होता, असं माझं मत आहे. कारण नंतर तो चालू झाला. पाऊस असा पडायचा की डोळ्यांसमोर कुणी पांढरे दोरे सोडलेत. 'सॅन अँड्रियास'मधलं धुकं काढून टाकलं होतं. पूर्वी त्या धुक्यामुळे डोंगरावरून राज्य अफाट वाटायचं. आता शिखरावर उभं राहिलं की तिन्ही शहरं एका नजरेत दिसत होती आणि आपण इतकी वर्षं एका मोठ्या मैदानात फिरत होतो हे कळत होतं.

आणि तो नट. 'टफ नट' नावाचं एक डोनटचं दुकान आहे, त्याच्या डोक्यावर भलामोठा नट. खाण्याचा नव्हे, बोल्टला लावतात तो, षटकोनी. नावावरची कोटीच ती. नव्या आवृत्तीत सगळं गुळगुळीत करण्याच्या झपाट्यात त्या नटाचे सहाही कोपरे घासले गेले आणि तो गोल झाला. म्हणजे दुकानावर आता डोनटसारखा दिसणारा नट आणि खाली कोटीचं प्रेत. हे बनवणाऱ्याने पाटी वाचली नव्हती, की वाचूनही कळली नव्हती, यावर मी एक अख्खा रविवार विचार केला आहे.

'बिली जीन'? ते या आवृत्तीतही नाही.

आठवडाभराने कंपनीने माफी मागितली आणि जुने गेम परत विकायचं कबूल केलं. पुढे तीन वर्षांनी, नोव्हेंबर 2024 मध्ये, 'क्लासिक लायटिंग' नावाची सोय आली. तिने आकाश आणि उजेड मूळ गेमसारखे दिसू लागतात. इथे तुमच्या शिकण्यासारखं पुष्कळ आहे. घरातलं खिडकीचं तावदान काढून ठेवायचं, तीन वर्षांनी परत बसवायचं आणि बायकोला म्हणायचं, बघ, नवीन फीचर.

तिसरी गोष्ट. नवी आवृत्ती घ्यायचीच नाही, जुनीच बरी, असं म्हणणारे काही चतुर लोक असतात. त्यांच्यासाठी 28 जानेवारी 2020 हा दिवस राखून ठेवला होता. त्या दिवशी 'वॉरक्राफ्ट 3' या जुन्या युद्धाच्या गेमची 'रीफोर्ज्ड' ही नवी आवृत्ती आली, आणि ज्यांनी ती घेतली नव्हती त्यांच्या जुन्या गेमचीही ऑनलाइन बाजू बदलली. सुमारे 30 जीबी उतरवा, मग तुमचाच गेम खेळा. क्लॅन, म्हणजे खेळाडूंच्या टोळ्या, नव्हत्या, रँकिंगची शिडी नव्हती, खेळाडूंनी बनवलेल्या मोहिमा चालवायची सोय नव्हती. ज्या गेममधल्या हौशी नकाशांतून 'डोटा'सारखा गाजलेला गेम जन्माला आला, त्याच गेममध्ये हे. शेजाऱ्याने मॉड्युलर किचन केलं आणि कारागीर येऊन तुमचा ओटा फोडून गेले, असा प्रकार. भीक नको पण कुत्रा आवर, असं म्हणायची वेळ आली तेव्हा कंपनीने पैसे परत द्यायला सुरुवात केली. शिडी 2022 मध्ये परत आली. तोवर चढणारे बरेचसे घरी गेले होते.

मॅकवाल्यांनी हा परिच्छेद उभ्यानेच वाचावा, बसायला वेळ नाही. ऑक्टोबर 2019 च्या कॅटालिना या मॅकच्या नव्या सिस्टिमने 32 बिटचे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, सगळे प्रोग्राम बंद केले आणि जुन्या गेम्सचं आख्खं कपाट एका रात्रीत शोभेचं झालं. सप्टेंबर 2023 मध्ये 'काउंटर-स्ट्राइक 2' या गोळीबाराच्या गेमने आधीच्या आवृत्तीची जागा घेतली, तेव्हा त्यात मॅक नव्हताच. विंडोज 7 वाल्यांनीही हसू नये, 1 जानेवारी 2024 पासून स्टीमने त्यांचाही आधार काढून घेतला. 'माझ्याकडे मूळ सीडी आहे' असं छाती फुगवून सांगणाऱ्यांनी ती विंडोज 10 मध्ये घालून पाहावी. जुन्या कितीतरी सीडींवर सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं, चोरांसाठी. विंडोज 10 त्या कुलपाला दारातच उभं करत नाही. चोराने ते तेव्हाच तोडलं होतं, त्यामुळे त्याची सीडी चालते. तुमची चालत नाही.

एवढं सगळं समजून उमजूनही खेळायचंच असेल, तर माझी पद्धत सांगतो. रात्री दिवे मालवा. विकत घेतलेली, अधिकृत, पावतीसकट 'व्हाइस सिटी' सुरू करा. गाडीत बसा, पण निघू नका. गेमचा रेडिओ बंद करा. मोबाईलवर 'बिली जीन' शोधा. आधी एका म्युच्युअल फंडाची जाहिरात लागेल, मग मसाल्याची. तोवर पावसात थांबा. पोलीस आला तर येऊ द्या. गाणं सुरू झालं की गाडी काढा, आणि बायकोने हाक मारली की ओ द्यायच्या आत ते बंद करायला विसरू नका.