बेटावरचे शेवटचे दोन दिवस सत्कारणी कसे लावावेत

अंदमानला कोणत्या महिन्यात जावे, विमान हैदराबादेहून धरावे की चेन्नईहून, आणि स्वेटर का नेऊ नये, एवढे सांगणारा माणूस लातूर-नांदेडात आता प्रत्येक गल्लीत भेटतो. मात्र त्या सहलीचे शेवटचे दोन दिवस कसे काढावेत, याविषयी कोणीही अवाक्षर काढत नाही. परिणामी पुष्कळ भाबडी मंडळी हे दोन दिवसही आधीच्या दिवसांसारखेच समुद्राकडे बघत घालवतात, आणि घरी आल्यावर त्यांच्याजवळ सांगण्यासारखे काही उरत नाही. आपल्या बाबतीत असे होता कामा नये. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना मिळून वीतभर समुद्रकिनारा नाही. पैठणच्या धरणामागे साठलेल्या पाण्याला नाथसागर म्हणून आपण आपली हौस भागवून घेतो. तेव्हा समुद्र आपल्याला नवा आहे हे खरे; परंतु पहिल्या दिवशी चपला हातात घेऊन घोट्यापर्यंत पाण्यात शिरून आले की ते नवेपण संपलेले बरे. शेवटचे दोन दिवस हिशेबासाठी राखून ठेवावेत.

सर्वप्रथम, आपण देहाने बेटावर असलात तरी मनाने गावी पोहोचलेले असावे, आणि तेही विमानाच्या दोन दिवस आधी. स्वराज द्वीपावर, ज्याला टूर मॅनेजर अजूनही हॅवलॉकच म्हणतो, सकाळी जाग येताच कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नळाला पाणी आले का, अशी विचारणा करावी. उत्तर आले नाही तर शेजारच्या काकूंना फोन लावावा, हौदाचा व्हॉल्व्ह उघडायला सांगावे, आणि त्या उघडून येईपर्यंत फोन कानाला धरून ठेवावा. समोर भरती चढत असते. पण तिच्यासाठी कोणाला काही उघडावे लागत नाही, त्यामुळे तिकडे लक्ष देण्याचे कारण नाही.

पाण्याच्या या विषयात एक मोठी संधी दडलेली आहे, ती दवडू नये. अंदमानात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्याकडे पडतो त्याच्या चौपटीच्या आसपास. तरीसुद्धा श्री विजय पुरम, म्हणजे २०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर, हे शहर मुख्यतः धनीखाडीच्या एका धरणावर अवलंबून असल्यामुळे कोरड्या महिन्यांत तेथेही नळाला रोज पाणी येईलच असे नाही. डोंगराळ, अरुंद बेटावर पडलेला पाऊस थांबायला जागा शोधेपर्यंत समुद्रात जाऊन मिळालेला असतो. टॅक्सीवाल्याने ही अडचण सांगायला तोंड उघडले की त्याला तेथेच थांबवावे. दिवसाआड पाणी, ही काय तक्रार झाली? २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे त्याला वाघिणींच्या वर्णनासकट ऐकवावे. ज्याच्या चारही बाजूंना पाणी आहे अशा माणसाला टंचाईत हरवून आल्याचा आनंद कोणत्याही पॅकेजमध्ये समाविष्ट नसतो. हा विजय पदरात पडला की हॉटेलवर परतून त्या दिवशीची तिसरी अंघोळ करावी, कारण खोलीचे भाडे पूर्ण दिवसाचे भरलेले आहे.

स्वराज द्वीपावरच्या राधानगर किनाऱ्याचा सूर्यास्त सहलपत्रकात ठळक अक्षरांत छापलेला असतो, त्यामुळे तो चुकवता येत नाही. परंतु त्याबद्दल तक्रार निश्चित करता येते. डिसेंबरात तेथे सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, आणि आपण चहा घेऊन, टोपी शोधून, आजींच्या गुडघ्याला तेल चोळून निघेपर्यंत पाच वाजलेले असतात. देशभर एकच घड्याळ चालते व ते ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे. अंदमान ९३ अंशांच्या जवळ आणि लातूर साडेशहात्तरच्या, त्यामुळे दर अंशाला चार मिनिटे धरली तर दोन्हीकडच्या सूर्यात तासाभराचे अंतर पडते. टूर मॅनेजर हे समजावू लागला तरी ऐकून घेऊ नये. ‘‘कामून हो, इथं पाचलाच रात करतेत का?’’ असा प्रश्न सर्वांदेखत विचारावा आणि दिवस तासाभराने कमी दिल्याबद्दल परताव्याची मागणी करावी. पहाटे पाचला उजाडून तो तास भरून दिलेला असतो, हा त्याचा युक्तिवाद बरोबर आहे. परंतु त्या वेळी आपण झोपलेलो होतो, आणि झोपेत पोहोचता झालेला माल हिशेबात धरण्याची पद्धत नाही. सूर्य प्रत्यक्ष बुडत असताना त्याच्याकडे पाठ करून उभे राहावे, म्हणजे फोटोत तो आपल्या चिमटीत धरलेला दिसतो. चिमूट नीट जमेपर्यंत तो थांबला नाही, तर तेही तक्रारीत नोंदवावे.

आता मुख्य कामाकडे वळू. किनाऱ्यावर पडलेले शंख, शिंपले आणि प्रवाळाचे पांढरे तुकडे कोणाच्याच मालकीचे नाहीत, अशी आपली प्रामाणिक समजूत असते, आणि जागोजागचे फलक वाचून ती बिघडवून घेण्यात अर्थ नाही. प्रवाळ, मग तो जिवंत असो की मेलेला, आणि संरक्षित जातींचे शंख-शिंपले जवळ बाळगणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरते, आणि परतताना विमानतळावर प्रत्येक बॅग यंत्राखालून जाते. हे सगळे माहीत असलेला माणूस सहलीत काहीच गोळा करत नाही. म्हणून माहिती करून घेणेच टाळावे. रोज थोडे थोडे वेचावे, आणि शेवटच्या रात्री धपाटे संपून रिकाम्या झालेल्या स्टीलच्या डब्यात मोज्यांत गुंडाळून ते खाली ठेवावे आणि वर शेंगदाण्याच्या चटणीची पुडी ठेवावी. ज्या यंत्राला माणसाच्या खिशातले नाणे दिसते, त्याला चटणीखालचा शंख दिसणार नाही, यावर आपल्या घराण्याचा पिढ्यान्पिढ्या विश्वास आहे.

मध्यरात्री डब्यातून खडखड ऐकू आली तर घाबरून जाऊ नये. रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारा एक खेकडा या बेटांवर सर्वत्र असतो. त्याला स्वतःचे पूर्ण कवच नसल्यामुळे तो अंगाने वाढला की आणखी मोठा रिकामा शंख शोधत फिरतो, आणि सहलीला आलेल्या प्रत्येक कुटुंबाने मोठे, सुबक, न फुटलेले शंखच निवडून उचलल्यामुळे त्याला घर मिळणे अवघड होते. आपल्या डब्यातला खेकडा भाडेकरू म्हणून आधीपासून राहत होता. त्याला बाहेर सोडावे आणि शंख ठेवून घ्यावा, असा सल्ला काही जण देतात. तो खेकडा शंखाबाहेर ओढला की तुटतो, हे ते सांगायला विसरतात. विमानतळावर जवानाने डबा उघडायला सांगितल्यावर लेकराने उचलले, सगळेच नेतात आणि देवासाठी आहे, ही तीन कारणे याच क्रमाने द्यावीत. त्याने ती याच क्रमाने पूर्वी ऐकलेली असतात, त्यामुळे त्याचाही वेळ वाचतो. सागरिका या सरकारी विक्री केंद्रात शंखाच्या वस्तू रीतसर पावतीसह मिळतात, हे खरे; पण पावतीवर आणलेल्या शंखात सांगण्यासारखा पराक्रम कोठे असतो?

जाता जाता पाण्याच्या रिकाम्या बाटलीत पांढरी वाळूही भरून घ्यावी आणि घरी देव्हाऱ्यात गंगाजळाशेजारी ठेवावी. अशा वाळूत शंख-शिंपल्यांचा आणि प्रवाळाचा चुरा असतो, आणि त्यातला काही भाग पोपटमाशांनी प्रवाळ दातांनी खरवडून, पचवून, मागच्या बाजूने बाहेर टाकलेला असतो. सासूबाईंना यातले शेवटचे वाक्य सांगू नये.

स्वराज द्वीपाहून परतीच्या बोटीबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. समुद्र खवळलेला असेल तर शेजारच्या बाकावरच्या गृहस्थांचा चेहरा पांढरा पडू लागतो. नेमक्या त्याच वेळी उरलेले धपाटे काढावेत, त्यांवर लसणाचा ठेचा घ्यावा आणि ‘‘घ्या की हो, घरचंय’’ असा आग्रह करावा. आणलेले परत घरी नेणे हा अपमान असतो, आणि बोटीवर तर बहुतेक जण खाल्लेले परत करण्याच्याच बेतात असतात.

सेल्युलर जेल बहुधा अखेरच्या दिवशी दाखवले जाते, कारण विमानतळही त्याच शहरात आहे. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात बाजूंपैकी आता तीन उरल्या आहेत. एका बाजूच्या कोठड्यांची तोंडे दुसऱ्या बाजूच्या पाठीकडे, अशी रचना असल्यामुळे कैद्याला समोरच्या कैद्याचा चेहरा दिसत नसे. बाबाराव आणि विनायक हे सावरकर बंधू एकाच तुरुंगात असूनही त्यांची बराच काळ भेट होऊ शकली नाही. कोठडी साडेचार मीटर लांब, पावणेतीन मीटर रुंद, आणि उजेडासाठी एक झरोका, तोही जमिनीपासून तीन मीटर उंचावर. दिवसभर कोलू ओढून ठरलेले तेल निघाले नाही की शिक्षा. गाईड हे सांगत असताना आपण दाराचे गज दोन्ही हातांनी धरून आतून हसरा फोटो काढून घ्यावा, आणि मागे खोळंबलेल्यांना ‘एकच मिनिट’ म्हणावे. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमात आपल्या डोळ्यांत पाणी येते. ते खरे असते आणि येऊ द्यावे; उपहासाचा तो विषय नाही. फक्त ते हॉटेलपर्यंत टिकणार नाही, याची काळजी घ्यावी. स्वागतकक्षाशी येताच खोली लहान आहे, दोन बॅगा उघडल्या की पाय ठेवायला जागा राहत नाही, बाल्कनी तर नाहीच, असे आवाज चढवून सांगावे आणि शेवटी, ‘‘कोंडून घातल्यावानी वाटायलंय,’’ हे वाक्य अवश्य घालावे. ते ऐकणारा स्थानिक मुलगा काही बोलत नाही. त्याला रोज कोणी ना कोणी, त्याच कार्यक्रमाहून थेट येऊन, हेच सांगत असते.

याच शहरात कोणी ना कोणी नावाडी आपल्याला वीस रुपयांची जुनी तांबूस नोट काढून दाखवेल आणि तिच्या मागच्या बाजूवर छापलेले माड, डोंगर आणि दीपस्तंभ समोर प्रत्यक्ष दिसत आहेत, हे बोटाने दाखवेल. येथपर्यंत प्रसंग सुखाचा असतो. धोका पुढे आहे. २०१९ पासून आलेल्या हिरवट पिवळ्या नोटेवर हा देखावा नाही, आणि त्याची जागा नेमकी वेरूळच्या लेण्यांनी घेतलेली आहे. आपण संभाजीनगरकडचे आहात हे कळले की तो नावाडी नवी नोट काढतो आणि हे आतून कसे आहे, असे हिंदीत, बंगाली हेल काढून, मोठ्या उत्सुकतेने विचारतो. त्याचे आजोबा फाळणीनंतर पूर्व बंगालातून येथे येऊन वसलेले. त्याने स्वतः मुख्य भूमी फारशी पाहिलेली नसते. इकडे आपल्या घरापासून वेरूळ ३० किलोमीटर, आणि आपण ते सातवीच्या सहलीत पाहिलेले. त्यातही लक्षात राहिली आहे ती माकडाने पळवलेली टोपी. आठव्या शतकात एक अख्खा डोंगर कळसापासून पायापर्यंत खाली कोरत आणून केलेल्या कैलास मंदिराविषयी ‘‘बहोत बडा है’’ याहून अधिक बोलू नये, कारण पुढचा प्रश्न आला की पंचाईत होते. त्याऐवजी त्याला आग्रहाने घरी बोलवावे, स्वतः सोबत येऊन सगळे दाखवण्याचे वचन द्यावे. तो येणार नाही, त्यामुळे आपल्यालाही जावे लागणार नाही.

सामानाचे वजन ही शेवटच्या सकाळची बाब. बहुतेक विमान कंपन्या माणशी १५ किलो सोडतात आणि आपली बॅग त्याहून जड भरते, हे सर्वश्रुत आहे. अशा वेळी ग्रुपमधल्या एकट्या आलेल्या, हलक्या बॅगेच्या निवृत्त गुरुजींशी आदल्या रात्रीपासूनच आदराने वागायला सुरुवात करावी.

विमानाची वाट पाहत बसलेले असताना टूर मॅनेजर अभिप्रायाचे फॉर्म वाटतो. हा उदगीर-अहमदपूरकडचा तरुण असतो. आठवडाभर आपल्या गोळ्या, चष्मे, भांडणे आणि आजींची व्हीलचेअर त्याने सांभाळलेली असते, आणि त्याची पुढची सहल या कागदावर ठरते. त्याला समोर उभे करून फॉर्म सावकाश भरावा. जेवण, वाहन, निवास या रकान्यांत ‘ठीक’ लिहावे, कारण ‘उत्तम’ लिहिले की पुढच्या वेळी सवलत मागता येत नाही. सुधारणेसाठी सूचना असा जो मोठा रकाना असतो, तो रिकामा सोडू नये. पुढील खेपेस समुद्राच्या अगदी समोरची खोली मिळावी, अशी मागणी तेथे सुवाच्य अक्षरांत नोंदवावी, आणि तिच्याखाली, रात्री दहानंतर लाटांचा आवाज बंद ठेवण्याची व्यवस्था व्हावी, हेही लिहून सही करावी.