रेझिस्टर काढा, ट्रान्झिस्टर लावा आणि अपिलात जा

अमेरिकेत पेटंट हवंय पण नवीन काही सुचत नाहीये? टेन्शन घेऊ नका. एखादं जुनंपानं सर्किट उचला, त्यातला रेझिस्टर काढा, तिथे मॉसफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) बसवा, त्याच्या गेटला, म्हणजे कंट्रोलच्या टोकाला, नीट व्होल्टेज द्या आणि ड्रेन-सोर्स ह्या दोन टोकांमधलं व्होल्टेज कमी ठेवा, की गडी लिनियर रीजनमध्ये गपगुमान रेझिस्टरसारखा वागतो. झालं संशोधन!

आता पेटंट ऑफिसातला एक्झामिनर म्हणणार, हे ऑब्व्हियस आहे, म्हणजे कुठल्याही इंजिनिअरला सहज सुचेल असं, त्याला पेटंट नाही, चिपवर मोठा रेझिस्टर केवढी जागा खातो, म्हणून तर १९७६च्या झेड-८० प्रोसेसरमध्येसुद्धा लोड म्हणून, म्हणजे रेझिस्टरच्या जागी, ट्रान्झिस्टरच होते. घाबरायचं नाही. उलट विचारायचं, ह्याच सर्किटमधला हाच रेझिस्टर काढून तिथे ट्रान्झिस्टर का लावावासा वाटेल, ते कारण कुठे छापलंय दाखवा. बहुतेक कुठेच नसतं, सगळ्यांना माहीत असलेलं कोण कशाला लिहून ठेवेल, चहा कसा ढवळायचा ह्यावर कोणी प्रबंध लिहितं का? म्हणजे गोष्ट जितकी साधी तितका कागद कमी, आणि तितके तुम्ही सेफ.

ते २००७चा केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स खटला काढतील (भांडण गाडीच्या पेडलचं होतं, पण ते जाऊ दे), की साध्या इंजिनिअरलाही थोडं डोकं असतं असं सुप्रीम कोर्टच म्हणालंय. तुम्ही लगेच २०१६चा अरेंडी विरुद्ध ॲपल काढा, कॉमन सेन्स ठीक आहे पण पुराव्याच्या जागी नुसता कॉमन सेन्स चालणार नाही.

मग एक एक्सपर्ट पकडा, शक्यतो प्रोफेसर. ज्याने जन्मभर पोरांना ॲक्टिव्ह लोड (हाच तो रेझिस्टरच्या जागचा ट्रान्झिस्टर) शिकवला त्याच्याचकडून लिहून घ्या की ट्रान्झिस्टरचा रेझिस्टन्स व्होल्टेजने बदलतो, तापमानाने बदलतो, कुठल्याच शहाण्या माणसाची तो इथे लावायची हिंमत झाली नसती. अर्धं खरं आहे, म्हणून तर खपतं. फक्त आधी स्वतःचं स्पेसिफिकेशन, म्हणजे पेटंटच्या अर्जातलं वर्णन, वाचा, त्यात वकिलाने सवयीने 'रेझिस्टरऐवजी ट्रान्झिस्टरही चालेल' असं घुसडलेलं असतं, आणि एक्झामिनरविरुद्धचं अपील ऐकणाऱ्या पेटंट ऑफिसच्या बोर्डावरच्या तिघांना नेमकं तेच दिसतं.

बोर्डात हरलात तरी वॉशिंग्टनला फेडरल सर्किट हे वरचं अपील कोर्ट आहेच, व्हाइट हाऊसच्या अगदी जवळ, येताजाता फोटोपण होतील. बोलायला साधारण पंधरा मिनिटं, त्यातली निम्मी जजच खाणार. निकालपत्राची मात्र फार वाट बघू नका, तिथे रूल ३६ म्हणून एक सोय आहे, कारणबिरण न देता एका शब्दात बोर्डाचा निर्णय कायम करता येतो. सविस्तर फक्त वकिलाचं बिल येईल.