‘शुक्रवारपर्यंत’चं इंग्रजी करताना

‘आय विल सेंड द फाइल टिल फ्रायडे.’ मराठी माणसांच्या ऑफिसातल्या मेलमध्ये हे वाक्य सर्रास दिसतं. लिहिणाऱ्याला एवढंच सांगायचं असतं, की शुक्रवारपर्यंत फाइल मिळेल. पण इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे, त्याच्या कानाला ते ‘शुक्रवार येईपर्यंत मी फाइल पाठवतच राहीन’ असं लागतं.

अशा चुकांवर ‘इंग्रजी कच्चं आहे’ असा शिक्का मारला जातो. मला तो अजिबात मान्य नाही. ही चूक इंग्रजीच्या अज्ञानातून येत नाही, ती आपल्या ‘पर्यंत’मधून येते. ‘शुक्रवारपर्यंत थांब’ म्हटलं की थांबणं सलग चालू असतं. ‘शुक्रवारपर्यंत पैसे दे’ म्हटलं की देणं एकदाच घडतं आणि शुक्रवार ही त्याची शेवटची हद्द असते. आपल्याला हा फरक क्रियापदावरून कळतो, म्हणून मराठीला दुसऱ्या शब्दाची गरज पडली नाही. इंग्रजीत मात्र सलग चालणाऱ्या गोष्टीला ‘टिल’ किंवा ‘अन्टिल’ आणि एकदा होऊन संपणाऱ्या गोष्टीला ‘बाय’ लागतं.

ओळखायचं कसं? ‘शुक्रवारपर्यंत’च्या जागी ‘उशिरात उशिरा शुक्रवारी’ घालून बघा. ‘उशिरात उशिरा शुक्रवारी पैसे दे’ हे चालतं, म्हणून बाय. ‘उशिरात उशिरा शुक्रवारी थांब’ याला अर्थच राहत नाही, म्हणून टिल. दुकान रात्री 9 पर्यंत उघडं असतं: टिल. फॉर्म 10 तारखेपर्यंत भरा: बाय. पाऊस पहाटेपर्यंत पडत होता: टिल. आणि ‘बाय’मध्ये 10 तारीख साधारणपणे धरलेली असते. ती धरायची नसेल तर ‘बिफोर’ लिहावं.

नकारार्थी वाक्यात मात्र चांगलं इंग्रजी येणारेही फसतात. ‘काम शुक्रवारपर्यंत होणार नाही’ याचे मराठीत दोन अर्थ निघतात. ‘इट वोन्ट बी डन टिल फ्रायडे’ म्हणजे त्याआधी होणार नाही, शुक्रवारी होईल अशी अपेक्षा ठेवा. ‘इट वोन्ट बी डन बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार उलटला तरी काम बाकीच असेल. एका शब्दाने समोरच्याचं सगळं वेळापत्रक बदलतं. इथे ‘चालतंय, कळतं त्यांना’ म्हणून सोडून देणं मला पटत नाही, कारण इथे त्यांना खरोखरच चुकीचं कळतं, आणि आपण चुकलो हे दोघांच्याही लक्षात येत नाही.

दुसरी अशीच जागा म्हणजे ‘दोन तासांत’. ‘दोन तासांत येतो’ म्हटल्यावर माणूस दोन तासांच्या आत केव्हाही येईल असं आपण धरतो. त्याचं सरळ भाषांतर ‘आय विल कम इन टू अवर्स’ होतं, आणि त्याचा अर्थ निघतो आतापासून दोन तासांनी. ‘दोन तासांच्या आत’ असं म्हणायचं असेल तर ‘विदिन टू अवर्स’. उलट ‘दोन तासांनी येतो’साठी आपण ‘आफ्टर टू अवर्स’ वापरतो. ते समजतं, पण आतापासून पुढे मोजताना इंग्रजीत स्वाभाविक ‘इन’च आहे. ‘आफ्टर टू अवर्स’ शोभतं ते झालेली गोष्ट सांगताना: तो आला, बसला आणि दोन तासांनी गेला. भूतकाळात ‘इन’ आलं तर अर्थ पुन्हा वेगळा होतो. ‘शी फिनिश्ड इट इन टू अवर्स’ म्हणजे कामाला तेवढा वेळ लागला.

‘पासून’चं गणित सोपं आहे, तरी चूक सगळ्यात जास्त तिथेच होते. कॅलेंडरवर किंवा घड्याळावर बोट ठेवता येत असेल तर ‘सिन्स’: सिन्स 2019, सिन्स मंडे. किती काळ ते मोजून सांगायचं असेल तर ‘फॉर’: फॉर फाइव्ह इयर्स. ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ या वाक्यातल्या दोन्ही चुका मराठीतून आल्या आहेत. आपण ‘पाच वर्षांपासून काम करतोय’ म्हणतो. ‘पासून’ने सिन्स आणलं आणि ‘करतोय’ने वर्तमानकाळ. मागे सुरू होऊन अजून चालू असलेल्या कामाला इंग्रजीत ‘आय हॅव बीन वर्किंग’ हे रूप लागतं.

‘दोन वर्षांपूर्वी’चंही तसंच. आजपासून मागे मोजलं तर ‘अगो’, भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या क्षणापासून मागे मोजलं तर ‘बिफोर’. तो 2015 मध्ये पुण्याला आला, त्याच्या दोन वर्षांपूर्वी वडील गेले होते: टू इयर्स बिफोर.

‘वेळेवर’मध्येही दोन अर्थ आहेत. गाडी वेळेवर सुटली म्हणजे ठरल्या मिनिटाला, म्हणून ‘ऑन टाइम’. अ‍ॅम्ब्युलन्स वेळेवर पोचली म्हणजे उशीर होऊन घात होण्याआधी, म्हणून ‘इन टाइम’. अ‍ॅम्ब्युलन्सला वेळापत्रक नसतं, हे लक्षात ठेवलं की पुरे.

एक जागा मात्र अशी आहे, जिथे शब्द बरोबर असूनही अर्थ चुकतो. आपले ‘आठ दिवस’ म्हणजे एक आठवडा. सोमवारी ‘आठ दिवसांनी या’ म्हटलं की माणूस पुढच्या सोमवारी येतो, कारण आपण दोन्ही टोकांचे सोमवार मोजतो. ‘पंधरा दिवस’ म्हणजेही बोलण्यात दोन आठवडेच. फ्रेंच लोकही आठवड्याला ‘आठ दिवस’ आणि पंधरवड्याला ‘पंधरा दिवस’ म्हणतात. इंग्रजीत मात्र ‘इन एट डेज’ लिहिलं की ग्राहक पुढचा मंगळवार धरतो. तिथे ‘इन अ वीक’ किंवा ‘इन टू वीक्स’ लिहा. ‘फोर्टनाइट’ ब्रिटनमध्ये चालतं, अमेरिकेत बहुतेक कोणी वापरत नाही. ‘बायवीकली’ तर टाळाच, त्याचा अर्थ आठवड्यातून दोनदा असाही होतो आणि दोन आठवड्यांतून एकदा असाही. पैशांचा किंवा कराराचा प्रश्न असेल तर सरळ तारीख घाला, आणि महिना अक्षरांत लिहा, कारण 5/6 हे आपल्याकडे 5 जून असलं तरी अमेरिकेत ते 6 मे वाचतात.